टू बीएचकेमधला कारवानी: ग्रेहाउंड जातकुळीचं कुत्रं दत्तक घेणाऱ्यांसाठी

ग्रेहाउंड म्हटलं की लोकांना शर्यत आठवते, आणि पाठोपाठ प्रश्न येतो: "एवढं पळणारं कुत्रं फ्लॅटमध्ये कसं राहणार?" राहतं, आणि मजेत राहतं. ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वेग या कुत्र्यांच्या अंगात आहे खरा, पण तो अर्ध्या मिनिटापुरता. शर्यतीचं अंतर साधारण पाचशे मीटर असतं, ते तीस सेकंदांच्या आसपास संपतं. उरलेला दिवस झोपायचा. सोळा ते अठरा तास झोप ही यांची नेहमीची गोष्ट आहे. कोथरूडच्या किंवा सिंहगड रस्त्यावरच्या टू बीएचकेत हस्की पाळायचा हट्ट करणाऱ्यांना मी हेच सांगतो. एसी लावून बर्फातलं कुत्रं जगवण्यापेक्षा मोठं झालेलं, कुणाला नको असलेलं कारवानी, म्हणजे ग्रेहाउंडचं देशी भावंड, घरी आणा. ते तुमच्यापेक्षा आळशी निघेल.

पण आधी एक अट. या कुत्र्याला उघड्यावर कधीही, कुठल्याही कारणासाठी पट्ट्याविना सोडायचं नाही. "आमचा ऐकतो हो" म्हणणाऱ्यांतले तुम्ही असाल, तर दुसरी जात बघा.

१. कुठलं कुत्रं मिळणार, ते समजून घ्या

परदेशात ग्रेहाउंड दत्तक देण्याची मोठी चळवळ आहे, आणि तिचं मूळ शर्यतीच्या धंद्यात आहे. १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला यांत्रिक सशामागे कुत्री पळवणारा ट्रॅक सुरू झाला, १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला. तिथून हा खेळ फोफावला. कुत्र्याची कारकीर्द मात्र दोन-पाच वर्षांत आटोपते, आणि आयुष्य असतं दहा-तेरा वर्षांचं. मधल्या वर्षांचं काय, या प्रश्नातून दत्तक संस्था उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये मकाऊचा ट्रॅक बंद झाला तेव्हा पाचशेहून जास्त कुत्र्यांना घरं शोधावी लागली होती.

पुण्यात असं ट्रॅकवरून निवृत्त झालेलं कुत्रं सहसा तुमच्या वाट्याला येणार नाही. इथे मिळतात ती त्याची देशी भावंडं. सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूर पट्ट्यातलं कारवानी, कान-शेपटीवर लांब केस असलेलं पश्मी, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ. अधूनमधून ग्रेहाउंडशी संकर झालेलं एखादं, कारण पंजाबात गावच्या खेळांत ग्रेहाउंड पळवतात आणि तिथली पिल्लं सगळीकडे फिरतात. कारवानी आणि मुधोळ वेगळे की एकच, यावर पैदासकारांत वाद आहेत. दत्तक घेणाऱ्याने त्यात पडू नये. लांब चिंचोळं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट आणि वासापेक्षा नजरेवर चालणारा मेंदू हे सगळ्यांत सारखंच. या लेखातलं जवळपास सगळं या सर्वांना लागू आहे. जिथे फरक पडतो, तिथे सांगेन. पहिला फरक इथेच: ग्रेहाउंड अनोळखी माणसालाही लगेच अंग टेकतं, कारवानी आधी दुरून नीट पारखतं.

मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री विलायतेपर्यंत पोचवली, २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळवर तिकीट काढलं, अलीकडे लष्करानेही त्यांची चाचणी घेतली. हा सगळा गौरव ठीक आहे. पण कौतुक वाढलं की पिल्लं विकणारेही वाढतात. सहा महिन्यांनी पिल्लू कमरेएवढं होतं, सोफा फाडतं, शेजारच्या मांजरामागे जातं आणि मग "फार्महाउसवर सोडलं" हे गुळगुळीत वाक्य ऐकू येतं. तुम्हाला मिळणारं कुत्रं बहुधा याच वाटेने आलेलं असेल.

२. शोधायचं कसं, विचारायचं काय

बावधनची रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, मुंढव्याची ब्लू क्रॉस सोसायटी ऑफ पुणे अशा संस्थांकडे विचारणा करून ठेवा. त्यांच्याकडे त्या आठवड्यात या जातीचं कुत्रं असेलच असं नाही, पण नाव नोंदवून ठेवण्याने बिघडत नाही. पिल्लाचा हट्ट धरू नका. दोन-तीन वर्षांचं कुत्रं घेतलं की स्वभाव समोर दिसतो, कुरतडण्याचं वय उलटलेलं असतं, आणि मोठ्या कुत्र्यांना घर मिळणं अवघड असतं म्हणून संस्थाही मनापासून मदत करते.

भेटायला जाताना घरातले सगळे जा. आजी-आजोबा घरात राहत असतील तर त्यांनाही न्या. दिवसभर कुत्र्यासोबत तेच असणार आहेत. विचारायचे प्रश्न मोजके पण नेमके ठेवा. हे कधी घरात राहिलं आहे का? एकटं राहतं का? मांजर, शेळी, कोंबडी, छोटा पॉमेरेनियन दिसल्यावर काय करतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. पट्ट्यात धरून, दुरून दाखवायला सांगा. बघून मान फिरवणारं कुत्रं मांजराच्या घरात हळूहळू रुळू शकतं. अंग ताठ, कान उभे, नजर खिळलेली आणि हाक मारली तरी ऐकू येत नाही अशी अवस्था असेल, तर घरात मांजर असणाऱ्यांनी त्याचा विचार सोडून द्यावा. प्रेमाने हे बदलत नाही. शेकडो पिढ्या माणसाने हेच गुण निवडले आहेत.

३. सोसायटी आणि महापालिका

हा भाग लोकांना वाटतो तेवढा कठीण नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. त्याच सूचनांत मालकानेही परिसर स्वच्छ ठेवावा, असं आहे. महापालिकेचा परवाना काढा, रेबीजची लस दरवर्षी द्या आणि दोन्ही कागदांच्या प्रती सेक्रेटरींना आपणहून नेऊन द्या. कुत्रं येण्याआधी मजल्यावरच्या शेजाऱ्यांना सांगून ठेवलं तर निम्मी भांडणं होतच नाहीत. हे कुत्रं भुंकतं कमी, हा तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा. कारवानी दारावरच्या अनोळखी माणसाला आवाज देईल, पण रात्रभर गॅलरीतून भुंकत बसणं हा यांचा स्वभाव नाही.

४. घर आधी, कुत्रं नंतर

व्हिट्रिफाइड टाइल्स हा यांचा शत्रू. लांब पाय, थोडी नखं आणि गुळगुळीत फरशी म्हणजे पाय फाकून पडणं आलंच. एकदा घाबरलं की कुत्रं हॉलच्या कोपऱ्यात थिजून उभं राहतं. हॉलपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत सतरंज्या किंवा मागून रबर लावलेल्या मॅट टाका. दिसायला वाईट दिसतं, इलाज नाही.

झोपायला जाड गादी हवी. अंगावर चरबी नसल्याने नुसत्या फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. खाली फोमचा तुकडा आणि वर आजीची जुनी गोधडी यापेक्षा सरस अंथरूण मी विकतचं पाहिलेलं नाही. सोफ्यावर चढू द्यायचं की नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवा. नंतर ठरवणारं तुम्ही नसता.

गॅलरीला जाळी हवीच. मुख्य दार थेट जिन्यात उघडत असेल, तर आतल्या बाजूला लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक बसवा. कारवानीच्या बाबतीत ते जरा उंच घ्या, कारण कारवानी उडी छान मारतं. कुरिअरवाला आला, दार उघडलं, खाली मांजर दिसलं, एवढा क्रम पुरतो. काचेच्या सरकत्या दारावर नजरेच्या उंचीला कागदाच्या पट्ट्या चिकटवा. शेडमध्ये वाढलेल्या कुत्र्याने काच पाहिलेली नसते, आणि वेगात आपटलं तर गंभीर इजा होते.

जिनाही त्याने पाहिलेला नसू शकतो. ओढायचं नाही. चढताना एकाने मागे राहून पोटाखाली हात द्यायचा आणि एकेक पाय पायरीवर ठेवून दाखवायचा. उतरायला जास्त वेळ लागतो, कारण दोन पायऱ्या जमल्या की बाकीच्या एका उडीत संपवायचा मोह त्याला होतो.

५. पट्टा, आणि टेकडीचा प्रश्न

यांची मान डोक्यापेक्षा जाड असते. साधा गळपट्टा कुत्रं मागे सरकलं की अलगद निघून येतो. म्हणून मार्टिंगेल वापरा. हा रुंद कापडी पट्टा असतो, ताण पडला की थोडा आवळतो, पण गळा दाबत नाही. पहिले काही महिने त्याच्या जोडीला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, आणि दोन्हींना वेगळी दोरी. गुंडाळणारी, बटण दाबली की लांबणारी दोरी आणूच नका. पाच मीटर मोकळी दोरी मिळाली की कुत्रं त्या अंतरात पूर्ण वेग पकडतं. मग झटका त्याच्या मानेला आणि तुमच्या खांद्याला बसतो. पट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला आणि अंगात मायक्रोचिप, दोन्ही हवेत.

आता टेकडी. तळजाई, वेताळ टेकडी, म्हातोबा इथे पहाटे जाणं हा या कुत्र्यांसोबतच्या आयुष्यातला मोठा आनंद आहे. मान उंच करून ते दूरवर बघत उभं राहतं तेव्हा आपल्याला न दिसलेली खार, सरडा, घार असं सगळं त्याने आधीच टिपलेलं असतं. पण पट्टा हातातच. साठच्या वेगाने कुत्रं सेकंदाला सोळा मीटर कापतं. तुम्ही नाव पूर्ण उच्चारेपर्यंत ते करंजाच्या झुडपापलीकडे गेलेलं असतं, आणि त्या वेळी त्याला कान नसतात. टेकडीवर मोर आहेत. सासवड, सुपे, इंदापूरच्या माळांवर ससे आणि चिंकारा आहेत. त्यांच्यावर कुत्रं सोडणं म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा. "त्याला जरा माळावर पळवून आणू" ही सूचना एखादा मित्र हमखास करतो. नम्रपणे नाही म्हणा.

मग पळायचं कुठे? शहरात जागोजागी जाळीने बंद केलेली बॉक्स क्रिकेटची टर्फ झाली आहेत. सकाळी लवकर ती रिकामी असतात. मालकाशी बोला, घाण उचलण्याची हमी द्या. काही जण नाही म्हणतात, काही जण कुत्रं बघून स्वतःच मोबाइल काढून उभे राहतात. आठवड्यातून एक-दोनदा एवढं पुरे. तीन-चार फेऱ्या जीव तोडून, मग जीभ लोंबकळत आडवं. त्याच्या धावण्यात प्रत्येक झेपेला दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. ते जवळून पाहिलं की पहाटे उठल्याची कुरकुर राहत नाही. रोज मात्र वीस-तीस मिनिटांच्या दोन साध्या फेऱ्या.

६. पहिले तीन आठवडे: हात आवरा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या प्रेमापोटीच होतात. कुत्रं घरी आलं की शनिवारी मामा-मावशी बघायला, रविवारी बिल्डिंगमधली मुलं फोटो काढायला. सगळं रद्द करा. शेडमध्ये किंवा साखळीवर राहिलेल्या कुत्र्याला मिक्सर, कुकरची शिट्टी, फ्लशचा आवाज, टीव्हीतली माणसं, सगळंच नवीन असतं. कुत्री सांभाळणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात. तीन दिवसांत भीती ओसरते, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. कमीजास्त होतं, पण अंदाज चांगला आहे.

दिनक्रम घट्ट ठेवा. उठल्यावर, खाल्ल्यावर, झोपण्याआधी बाहेर न्या आणि प्रत्येक वेळी त्याच जागी. घरात झालं तर ओरडू नका, पुसून टाका. घरातली शी-शू आपल्याला अपेक्षित नाही, हे बहुतेक मोठी कुत्री लवकर शिकतात.

एक गोष्ट मुलांना समोर बसवून शिकवा: झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. ही कुत्री डोळे अर्धवट उघडे ठेवून गाढ झोपतात. अचानक स्पर्श झाला तर दचकून दात दाखवू शकतात. त्यात राग नसतो, पण इजा होऊ शकते. आधी नावाने हाक, मान उचलली की मग जवळ जायचं.

शेडमध्ये आजूबाजूला सतत दुसरी कुत्री असतात, म्हणून एकटेपणाची सवय नसते. पहिल्या दिवसापासून दोन मिनिटं, पाच मिनिटं असं दाराबाहेर जाऊन परत या. निरोपाचा सोहळा करू नका. रात्री गादी तुमच्या खोलीत ठेवली तर रडणं बरंच कमी होतं.

फिरताना मधेच ते पुतळ्यासारखं उभं राहील. ट्रक गेला, पोतं उडालं, काहीही कारण असेल. ओढू नका, बाजूला उभं राहून वाट बघा, मग थोडी दिशा बदला. गल्लीतल्या कुत्र्यांचा टापू जिथे सुरू होतो, तिथून रस्ता बदललेला बरा. यांची कातडी कागदासारखी पातळ असते, साध्या झटापटीत टाके पडतात.

७. खाणं

दिवसातून दोनदा, आणि खाण्याच्या आधी-नंतर तासभर तरी धावपळ नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. पोट टम्म, ओकारी येते पण काही पडत नाही, अस्वस्थ येरझाऱ्या, अशी लक्षणं दिसली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर गाठायचा. चोवीस तास उघडा दवाखाना कुठला, हे कुत्रं यायच्या आधीच शोधून नंबर फ्रिजवर लावा.

गावाकडे ही कुत्री ज्वारीची भाकरी आणि दुधावर वाढलेली असतात. त्याच्या जोडीला अंडी, चिकन, दही द्या किंवा चांगलं तयार खाणं. जे काही द्याल ते आठवडाभरात हळूहळू बदला. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण नको. सणाच्या शिऱ्यातले बेदाणे नेमके विसरले जातात. दात यांचे लवकर खराब होतात, कुत्र्यांच्या पेस्टने ब्रश करायची सवय लावा.

शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे यांचं निरोगी रूप आहे. हे तुम्हाला पटेल, सोसायटीतल्या काकूंना पटणार नाही. "जेवायला घालता की नाही त्याला?" हा प्रश्न वर्षभर येत राहील. एक हसरं उत्तर तयार ठेवा आणि बिस्किटांचा पुडा हळूच काढणाऱ्या हातावर लक्ष ठेवा.

८. डॉक्टरांशी बोलायचं ते

हा भाग वाचून सोडू नका. ग्रेहाउंडचं रक्त इतर कुत्र्यांपेक्षा वेगळं असतं. तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त, प्लेटलेट कमी, थायरॉइडचा आकडाही कमी, आणि हे सगळं निरोगी असताना. पुण्यात पावसाळ्यात गोचीड तापाची साथ असते, त्यातही प्लेटलेट उतरतात. म्हणजे एकच आकडा एका कुत्र्यात आजार असतो आणि दुसऱ्यात नेहमीचा. उपाय सोपा आहे. कुत्रं ठणठणीत असताना एकदा रक्ततपासणी करून तो रिपोर्ट जपून ठेवा. पुढे कधी ताप आला तर डॉक्टरांना तुलना करता येते. देशी जातींतही ही खबरदारी वाया जात नाही.

भूल देण्याआधी, अगदी नसबंदीसाठीसुद्धा, जात स्पष्ट सांगा. थायोपेंटलसारख्या जुन्या औषधांतून ही कुत्री फार उशिरा जागी होतात. चरबी कमी आणि यकृत ते औषध सावकाश पचवतं, म्हणून. आता पर्यायी औषधं सर्रास वापरली जातात, पण विचारायला लाजू नका. गोचीड-पिसवांची औषधं दुकानदाराच्या सल्ल्याने लावू नका. रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्या, कानांच्या आत आणि पट्ट्याखाली हात फिरवा. केस तोकडे असल्याने गोचीड पटकन सापडते.

९. पुण्याचे ऋतू

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावरच बाहेर. तळहात पाच सेकंद डांबरावर ठेवून बघा, तुम्हाला सोसलं तरच त्याला न्या. पावसाचा या कुत्र्यांना मनस्वी कंटाळा. दारातून पाऊस बघून परत गादीवर जातील. रेनकोट घाला आणि छत असलेल्या पार्किंगचा एक कोपरा त्यासाठी ठरवा, साफ करण्याची तयारी ठेवून. डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली गेला की कुडकुडतात. जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून काम भागतं.

ढोलाचा सराव नदीकाठी गणपतीच्या खूप आधी सुरू होतो. त्याचा फायदा घ्या. लांबून, आवाज जेमतेम ऐकू येईल तिथे थांबून खाऊ द्या, दर आठवड्याला थोडं जवळ. विसर्जनाच्या दिवशी मात्र घरातच. दिवाळीत संध्याकाळची फेरी पाच वाजता उरका, दोन्ही दोऱ्या लावून. फटाक्याने बिथरलेलं असलं कुत्रं सुटलं तर पाठलाग करून सापडत नाही.

१०. आता मिळतं काय

आमच्या घरी हरणी आणि बाजी आहेत, दोन्ही कुणीतरी सोडून दिलेली. त्यांच्याकडून रोज काय मिळतं ते सांगतो. सकाळी चहा करताना हरणी शेजारी येऊन उभी राहते आणि हळूच पूर्ण वजन माझ्या मांडीवर टाकते. चाटणं नाही, उड्या नाहीत, नुसतं टेकणं. फार खूश झाली की दात कडकड वाजवते. पाहुण्यांना वाटतं चावणार. बाजी पाठीवर पडून चारही पाय हवेत, मान एका बाजूला, जीभ दुसऱ्या बाजूला अशा अवस्थेत दुपार काढतो. सहावीतल्या मुलाचा अभ्यास त्याच्या शेजारी बसल्यावर शांतपणे होतो. याचं श्रेय मी स्वतःकडे घ्यायचा प्रयत्न केला, कुणी दिलं नाही. रात्री नऊच्या सुमाराला अचानक काय होतं कळत नाही. दोघं हॉलमधून बेडरूममध्ये, बेडरूममधून हॉलमध्ये अशा फेऱ्या मारतात, सतरंज्या गोळा होतात, आणि मग जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने आडवे.

अंगाला वास जवळपास नाही, केस गळतात पण थोडे, महिन्याकाठी एक अंघोळ पुरते. घरातल्या वृद्धांना हे कुत्रं पायात येत नाही. माझ्या आईला कुत्री आवडत नव्हती आणि आजही आवडत नाहीत, असं ती सांगते. भाकरीचा पहिला चतकोर कुणासाठी बाजूला निघतो, ते आम्ही विचारत नाही.

दुसरं घ्यायचं का, हा प्रश्न सहा-आठ महिन्यांत पडतोच. ही कुत्री आपल्यासारख्याच कुत्र्यांत खुलतात, त्यामुळे विचार वाईट नाही. पण पहिलं एकटं राहत नाही म्हणून दुसरं आणू नका. नाहीतर दोघं मिळून रडतील. पहिल्याचा दिनक्रम बसला, खर्चाचा अंदाज आला, मग बघा. दोघांची पहिली भेट घरात नको, तिसऱ्याच ठिकाणी, दोन माणसांनी दोन पट्टे धरून समांतर चालवत करा. खाण्याची भांडी वेगळ्या खोल्यांत ठेवा. आणि दोघांना एकट्याने फिरवायचं असेल तर आधी स्वतःचं वजन बघा. साठ किलोची जोडी एकाच मांजरामागे निघाली, की पन्नास किलोच्या माणसाचा काही उपयोग नसतो.